विदूषक माशांची सोयरीक

खोपटला एस.टी.चे स्थानक आहे, दिवसरात्र वाहनांचा कोलाहल आहे. समुद्र तेवढा नाही. ठाण्याची खाडी जवळ आहे खरी, परंतु तिचे पाणी बारमाही गढूळ आणि पावसाळ्यात निम्मेशिम्मे गोडे. अशा वस्तीत, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, समुद्रातले मासे पाळण्याचा उद्योग आम्ही का आरंभिला, असे पुष्कळ जण विचारतात. १९५१ साली मुंबईत चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय उघडले. त्याच्या काचांना नाक लावून ज्यांच्या लहानपणीच्या सुट्या गेल्या, त्यांपैकी आम्ही एक, याखेरीज आमच्यापाशी दुसरे उत्तर नाही.

आज सांगावयाचे आहे ते विदूषक माशांविषयी. नारिंगी अंग, त्यावर काळ्या कडांचे तीन पांढरे पट्टे आणि चालण्यात एक प्रकारची डुगडुग. २००३ साली आलेल्या निमोच्या चित्रपटामुळे हा मासा आता शेंबड्या पोरालाही ठाऊक झाला आहे. बाजारात त्याला क्लाऊनफिश म्हणतात. तो एकटा ठेवला तर केविलवाणा वाटतो, म्हणून जो तो जोडी आणू पाहतो, आणि नेमकी तेथेच फसगत होते. आमचीही झाली.

आम्ही मुंबईच्या एका दुकानातून दोन मासे आणले. दोन्ही अंगाने भरलेले, एकमेकांच्या तोडीस तोड. सोयरीक बरोबरीच्या घराण्यात करावी हे आपल्या हाडीमाशी खिळलेले. त्यामुळे या निवडीचा आम्हांला अभिमानच वाटला होता. पहिल्या दिवशी दोघे एकमेकांभोवती फिरले, तेव्हा घरात कौतुक झाले. दुसऱ्या दिवशी जबडे एकमेकांत अडकले. तिसऱ्या दिवशी एक मासा फाटलेले पर घेऊन टाकीच्या वरच्या कोपऱ्यात, पाण्याच्या कडेला, निश्चल उभा राहिला. "नवीन जागा आहे, रुळेल," असे आम्ही म्हणालो. पाचव्या दिवशी सकाळी तो मेलेला आढळला. त्याला वेगळे काढावयास आमच्याजवळ पुरे दोन दिवस होते, ही गोष्ट अजून टोचते.

चूक कोठे झाली हे समजण्यासाठी या माशाचे घर पाहिले पाहिजे. प्रवाळांच्या प्रदेशात, आपल्याकडे लक्षद्वीप व अंदमानच्या पाण्यात, हा मासा समुद्रफुलाच्या आश्रयाने राहतो. समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे. तो विषारी दंश करणाऱ्या बोटांचा प्राणी आहे. इतर माशांना तो डसतो, विदूषक माशाला मात्र अंगावरील विशिष्ट बुळबुळीत आवरणामुळे अपाय होत नाही. एका समुद्रफुलात एक कुटुंब नांदते. त्यात सर्वांत मोठी ती मादी. तिच्या खालोखाल आकाराचा तो तिचा नर. आणि त्याहून लहान असे काही मासे, जे नरही नाहीत आणि मादीही नाहीत, केवळ आपली पाळी येण्याची वाट पाहत असतात. या माशांत जन्मतः मादी कोणीच नसते. प्रत्येकाच्या अंगी आधी नर आणि मग मादी होण्याची शक्यता असते. मादी मेली की तिचा नर मादी होतो आणि रांगेतला पहिला धाकटा त्याच्या जागी नर म्हणून चढतो. हान्स व सिमोन फ्रिके यांनी हे लिंगांतर १९७७ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले. वागणूक आधी पालटते. शरीरातील ग्रंथी पालटावयास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. आणि एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. (चित्रपटातल्या त्या प्रेमळ बापाचे, निसर्गनियम पाळला असता तर, पुढे काय झाले असते याचा विचार मुलांसमोर न केलेला बरा.)

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर या माशांची कुटुंबे मोजली व २००३ साली दाखवून दिले की, धाकटा मासा आपली वाढ आवरून धरतो. अन्न कमी म्हणून तो लहान राहतो असे नाही. वरच्याच्या आकाराजवळ जाऊ लागला तर वरचा त्याला घराबाहेर काढील, आणि समुद्रफुलाबाहेर काढलेला मासा फार काळ जगत नाही. म्हणजे या घराण्यात शांतता नांदते ती आकारातल्या अंतरावर. ते अंतर मिटले की युद्ध. आम्ही जे दोन मासे मोठ्या हौसेने 'बरोबरीचे' म्हणून आणले, त्या बहुधा दोन्ही माद्याच होत्या, आणि एका घरात दोन माद्या राहत नाहीत.

तेव्हा ज्यांना जोडी लावावयाची आहे त्यांनी एकाच जातीची दोन कोवळी पिल्ले आणावीत, एक ठळकपणे मोठे व एक लहान, आणि एकाच दिवशी सोडावीत. मोठे पिल्लू कालांतराने आपसूक मादी होते. पत्रिका पाहण्याचा प्रश्न येत नाही. वधू कोण हे ती दोघे आपसांत ठरवितात. घरात आधीच एक मोठा मासा असेल तर काम नाजूक आहे. त्याच्या निम्म्या आकाराचे पिल्लू आणावे, भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा टाकीतच आठ-दहा दिवस ठेवावा, म्हणजे एकमेकांची ओळख होते आणि दात लागत नाहीत. सोडावयाच्या दिवशी टाकीतले दगड हलवून ठेवावेत, दिवा मंद करावा. जुन्या माशाला आपली हद्द ओळखू आली नाही की त्याची मिजास थोडी उतरते. तीन मासे सोडून 'दोघांचे जुळेल' असे मात्र कोणी करू नये. दोघांचे जुळते, आणि तिसरा मारला जातो.

जुळले हे ओळखावे कसे? मोठा मासा जवळ आला की धाकटा एका अंगावर कलून थरथरतो. प्रथम पाहणाऱ्याला त्याला फेफरे आले असे वाटते. वस्तुतः तो 'मी धाकटा' एवढेच सांगत असतो, आणि हे सांगणे ऐकले गेले की तंटा मिटतो. थोडा पाठलाग, एखादी टोच, हे चालावयाचेच. परंतु पर फाटू लागले, धाकटा वरच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला, अन्नाला येईना, तर तासाभराचाही विलंब न लावता त्याला वेगळे करावे. रात्री दोघे एकाच जागी अंगाला अंग लावून झोपू लागले म्हणजे जोडी बसली.

पाण्याविषयी थोडक्यात. घरातले मीठ चालत नाही. समुद्री मिठाचे तयार मिश्रण शुद्ध केलेल्या पाण्यात, लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या मानाने विरघळवावे. मासे आणण्यापूर्वी टाकी चार ते सहा आठवडे चालवून तीत अमोनिया पचविणारे जीवाणू वाढू द्यावेत. ही घाई पुष्कळांना भोवते. पाणी आटले तर वर गोडे पाणीच घालावे, कारण आटते ते पाणी, मीठ मागेच राहते. ठाण्याच्या मे महिन्यात टाकीवर पंखा हवाच.

मासे कोठले आणावेत हा प्रश्न आम्हांला आता अधिक महत्त्वाचा वाटतो. प्रवाळातून पकडून आणलेला मासा म्हणजे एखाद्या कुटुंबाची मोडलेली रांग. त्याची गरजही उरलेली नाही, कारण हा मासा बंदिस्त पाण्यात चांगला वाढतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूत मंडपम येथे त्याची पैदास केली. आणि आपल्या अगदी शेजारी, खाडीपलीकडे ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन विभागाच्या प्रयत्नाने त्याची पिल्ले वाढविण्यात आली. विकत घेताना 'उबवणीतला आहे काय' असे विचारावेच. जिवंत प्रवाळ मात्र कोणी देऊ केले तरी घेऊ नये. आपल्या वन्यजीव कायद्याने ते संरक्षित आहे.

आमच्या घरी ती वाचलेली मादी वर्षभर एकटीच होती. नंतर दोन पेरांएवढे एक उबवणीतले पिल्लू आणले, डब्यात ठेवले, नवव्या दिवशी सोडले. ते तत्काळ थरथरले. पुढे दीड वर्षाने एका संध्याकाळी मादीने फुटक्या कुंडीच्या खापरावर नारिंगी अंडी घातली. नर आठ दिवस त्यांना परांनी वारा घालीत होता, मेलेली अंडी तोंडाने वेचून टाकीत होता. आठव्या रात्री दिवे मालवल्यावर ती फुटली. पिल्लांना प्रारंभी डोळ्यांना जेमतेम दिसतील असे रोटिफर नावाचे सूक्ष्म जीव खावयास लागतात. ते आमच्याजवळ नव्हते. सकाळी टाकीत एकही पिल्लू उरले नाही. मादी त्या खापराजवळच होती, आणि नर ते पुन्हा घासून साफ करू लागला होता. रोटिफर वाढविण्याच्या बरण्या आता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहेत, आणि त्याबद्दल घरातून रोज दोन शब्द ऐकावे लागतात.