शेतकरी कंपनी बंद झाली तर शेअरच्या पैशांचं काय? देणी फेडण्याच्या रांगेत सभासद सगळ्यात शेवटी

हजार-दोन हजार रुपये भरून शेतकरी उत्पादक कंपनीचा शेअर घेतलेले सभासद आता तालुक्या-तालुक्यात आहेत. काही कंपन्या चांगल्या चालल्या. काहींच्या गोदामाचं कुलूप दोन-तीन हंगामांत निघालेलं नाही आणि आत ग्रेडिंग मशीन धूळ खात पडलं आहे. अशा गावात पारावर एकच विचारणा असते. कंपनी बंद केली तर आपले पैसे परत मिळणार का?

मिळू शकतात, पण सगळ्यांची देणी भागवून काही उरलं तरच. शेअर म्हणजे बँकेतली ठेव नव्हे. शेअर घेणारा कंपनीचा मालक असतो आणि मालकाचा नंबर शेवटी लागतो.

रांग कशी लागते?

कंपनीची मालमत्ता विकून आलेला पैसा कुणाला आधी द्यायचा, हे नादारी व दिवाळखोरी कायद्याच्या कलम ५३ मध्ये ठरवून दिलं आहे. सगळ्यात आधी कंपनी गुंडाळण्याचा खर्च. त्यानंतर तारण ठेवून कर्ज दिलेली बँक आणि कामगारांची मागच्या २४ महिन्यांची देणी, दोन्ही एकाच पातळीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार, विनातारण कर्ज, सरकारी देणी, आणि त्यानंतर बाकी सगळी उधारी. हे सगळं भागलं की मगच भागधारक. मोठ्या कंपन्यांनाही हेच लागू आहे. जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी विकून देणी भागवण्याचा आदेश दिला. तिथेही बँका आणि कामगार पुढे, शेअरवाले मागे.

एक कल्पित हिशेब मांडू. समजा ६०० सभासद, प्रत्येकाचा १,००० रुपयांचा एक शेअर, म्हणजे भागभांडवल ६ लाख. बँकेचं तारण कर्ज ११ लाख, पगार १ लाख, शेतकऱ्यांच्या मालाचे थकलेले पैसे साडेतीन लाख आणि कंपनी गुंडाळण्याचा खर्च दीड लाख. एकूण देणं १७ लाख. खात्यात २ लाख शिल्लक आहेत आणि शेड-मशीन २० लाखांना गेलं, तर हाती २२ लाख. देणी जाऊन ५ लाख उरतात, म्हणजे हजाराच्या शेअरला साधारण ८३३ रुपये.

आता तेच शेड-मशीन तीन वर्षं गंजत ठेवलं आणि १३ लाखांनाच गेलं, असं धरा. हाती १५ लाख. खर्च, बँक, पगार मिळून साडेतेरा लाख गेले. मालाच्या साडेतीन लाखांसाठी उरतात दीड लाख, म्हणजे रुपयाला ४३ पैसे. शेअरला शून्य. वर तीन वर्षांचं व्याज धरलेलंच नाही!

म्हणून कंपनी कधी बंद केली, यावर सभासदाचे पैसे अवलंबून असतात. देणी पूर्ण फेडण्याइतकी ऐपत असेपर्यंत कंपनीला स्वेच्छेने बंद होता येतं. त्यासाठी बहुसंख्य संचालकांना तसं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. चार आठवड्यांच्या आत सभासदांच्या सभेत विशेष ठराव होतो आणि लिक्विडेटर नेमला जातो. देणं असेल तर रकमेच्या हिशेबाने दोन तृतीयांश देणेकऱ्यांची मंजुरीही लागते. ऐपत संपल्यावर हा रस्ता बंद होतो. ‘बघू पुढच्या हंगामात’ म्हणत बसणाऱ्या संचालक मंडळाला सभेत याचा जाब विचारायलाच हवा.

माल दिलाय, पैसे थकलेत?

इथे बऱ्याच शेतकऱ्यांची गफलत होते. कंपनीला तूर-सोयाबीन घातलं आणि पैसे आले नाहीत, तर त्या रकमेपुरता शेतकरी देणेकरी ठरतो आणि त्याची जागा शेअरवाल्यांच्या पुढे असते. पण दावा आपणच करायचा. लिक्विडेटर नेमल्यावर पाच दिवसांत वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते, त्यात एक पेपर स्थानिक भाषेतला असतो. कंपनी गुंडाळण्याचं काम सुरू झाल्यापासून ३० दिवसांत दावा दाखल करायचा असतो. काटापट्टी, हिशेबपट्टी, बँक पासबुक जपून ठेवा. ‘मी सभासदच आहे, देतील’ असं समजून गप्प बसू नका.

कंपनीचं कर्ज बुडालं म्हणून सभासदाच्या सातबाऱ्यावर बोजा चढत नाही. शेअरची रक्कम पूर्ण भरली असेल तर नुकसान तेवढंच. मात्र कर्जाला जामीनदार म्हणून सही केली असेल, तर ते प्रकरण वेगळं.

सहकारी सोसायटीशी तुलना करणाऱ्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. सोसायटी अवसायनात गेली आणि देणी व भागभांडवल देऊनही पैसा उरला, तरी राज्याच्या सहकार कायद्यानुसार तो सभासदांत वाटता येत नाही. कंपनीत उरलेल्या पैशावर भागधारकांचा हक्क असतो. तो कसा वाटायचा, हे कंपनीच्या नियमावलीत पाहावं.

काही कंपन्या रीतसर बंद होतच नाहीत. व्यवहार थांबतो आणि शेवटी कंपनी निबंधक नोंदवहीतून नाव काढून टाकतो. नाव काढलं म्हणून कुणाच्या खात्यात पैसे येत नाहीत. उत्पादक कंपन्यांसाठीच्या खास कलमाखाली नाव काढलं असेल, तर नाराज सभासदाला ६० दिवसांत न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं. कंपनीची सध्याची स्थिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहता येते.

वाटपाच्या वेळी सभासद सापडला नाही तर त्याची रक्कम कॉर्पोरेट स्वेच्छा अवसायन खात्यात जमा होते. तिथून ती अर्ज करून मागता येते. १५ वर्षांत कुणी मागितली नाही तर सरकारी तिजोरीत जाते. वडिलांच्या नावावर शेअर असून ते हयात नसतील, तर कंपनीकडे वारसाचं नाव लागलं आहे का, हे आत्ताच पाहून घ्या. सभासद झाल्यापासून तीन महिन्यांत वारस नेमायचा असतो, आणि हा रकाना कित्येक अर्जांवर कोराच राहिलेला असतो.