उलटे बसवलेले भिंग
(लेखांक सहावा)

मागील लेखांकात राजाश्रयावर पोसलेल्या कलेचा विचार केला. आज जिला आश्रयदाता नाही आणि रूढ अर्थाने कलाकृतीही नाही, अशा कलेकडे वळावयाचे आहे. जेथे सुलतानाचा दरबार अद्याप नांदतो आणि बाटिकची वस्त्रे व चामड्याच्या छायाबाहुल्या अजून घडतात, त्या जावा बेटावरील योग्यकर्ता शहरी १९९९ मध्ये ‘हाऊस ऑफ नॅचरल फायबर’ हे कलावंतांचे मंडळ निघाले. आणि तेथे उमेदवारी केलेल्या काहींनी इतरांच्या साथीने २०१२ मध्ये ‘लाइफपॅच’ उभे केले.

२०१० मध्ये इंडोनेशियाच्या सरकारने मद्यावरील कर भरमसाट वाढवला, तेव्हा गोरगरिबांना चोरट्या दारूचा मोह अधिकच पडू लागला. अशा दारूत मिथेनॉल असले, तर शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आणि ते प्रथम दृष्टी व पुष्कळदा प्राणही हिरावते. पहिल्या मंडळाने यावर निषेधाची भाषणे न झोडता गाजा मादा विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासकांना हाताशी धरले, फळांचा रस निर्धोकपणे कसा आंबवावा याचे पाठ दिले, आणि आंबणाऱ्या रसातल्या बुडबुड्यांचा आवाज ध्वनिवर्धकावर चढवून त्याचीच एक नादरचना केली. २०११ मध्ये बर्लिनच्या ट्रान्समेडियाले महोत्सवात तिला पुरस्कार मिळाला.

लाइफपॅचचे मर्म मात्र मला याहून साध्या वस्तूत दिसते. संगणकाला जोडावयाचा स्वस्त कॅमेरा घ्यावा, त्याचे इवलेसे भिंग काढून उलटे बसवावे, आणि काचपट्टी त्याच्या अगदी निकट, काही मिलिमीटरांवर, धरावी. जे भिंग समोरचा माणूस आक्रसून नखाएवढ्या पटलावर उतरवीत होते, तेच आता पाण्याच्या थेंबातले जीव फुगवून पडद्यावर आणते. सूक्ष्मदर्शक ही प्रयोगशाळेच्या कुलपातली चीज. ती अशी घरच्या टेबलावर येते.

तथापि भिंगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. थेंबात काही वळवळते एवढे ते दाखविते. ते काय आहे, याचा निवाडा ते करीत नाही. त्या शहरातील नद्यांच्या पाण्याची पाहणी लाइफपॅचने आरंभली, तेव्हा विष्ठेतून येणारा ई. कोलाय शोधण्यासाठी पोषक माध्यमावर जंतू वाढवून वसाहती मोजण्याची शास्त्रीय रीतच धरावी लागली. पण नमुना कोठून घ्यावा, कोणत्या वळणावर कोणाची मोरी नदीत उतरते, आणि शौचकूप विहिरीपासून किती हातांवर आहे, हा तपशील कोणत्याही दप्तरात नव्हता. तो काठच्या रहिवाशांच्या तोंडी होता.

कलावंत आणि रहिवासी यांच्या अशा परस्परसाहाय्याला जावात ‘गोतोंग रोयोंग’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्यांना इर्जिक ठाऊक आहे. इर्जिकीत ज्याच्या शेतावर काम, तोही इतरांबरोबर राबतो. येथेही ज्याच्या विहिरीचे पाणी तपासावयाचे, त्याच्याच हाती बाटली असते. आणि आकडा वाईट निघाला, तर तो परक्याने आणलेला ठपका न राहता त्याचा स्वतःचा शोध ठरतो.

अशा शोधाला कला म्हणावे काय, हा वाद पुढील लेखांकी.