गुंठ्यावरचं घर आणि नवं सभागृह

अहिल्यानगरमधल्या नागापूरच्या एमआयडीसीत कामाला लागलेला माणूस घर बांधायचं ठरवतो, तेव्हा फ्लॅटपेक्षा त्याला एक गुंठा जमीन परवडते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. हातात कागद काय, तर नोटरी केलेला स्टँपपेपर. फार तर सातबाऱ्यावर सामाईकात नाव. त्यावर बँक कर्ज देत नाही, बांधकाम परवाना मिळत नाही. तरी घर उभं राहतं. रस्ता आणि ड्रेनेज मागून यायचे असतात.

ते आणायचे महापालिकेने. पण अहिल्यानगर महापालिकेच्या सभागृहाची मुदत डिसेंबर २०२३ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक झाली थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधली दोन वर्षं प्रशासकाची. या काळात महासभा आणि स्थायी समिती, दोन्हींचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे होते. फायली हलल्या असतील, पण आपल्या गल्लीसाठी भांडणारा नगरसेवक नव्हता.

नगररचनेचं घड्याळ मात्र अशा काळात थांबत नाही. शाळेसाठी किंवा उद्यानासाठी आरक्षित जागा दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर १९६६ च्या नगररचना कायद्यातल्या कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर दोन वर्षांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण संपतं. सभागृह नसलेली दोन वर्षं या हिशेबात माफ होत नाहीत. एकदा गेलेलं मैदान वस्तीला परत मिळत नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

दुसरीकडे राज्याने २०२५ च्या अखेरीस जमिनीचे लहान तुकडे विकायला मनाई करणारा तुकडेबंदी कायदा शिथिल केला. १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतचे निवासी भागातले तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याचा मार्ग खुला झाला. गुंठेवाल्यांना हा मोठाच दिलासा आहे. पण मालकी नियमित झाली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, आणि अरुंद गल्लीत अग्निशमनचा बंब शिरत नाही. नव्या ६८ नगरसेवकांची खरी कसोटी इथे आहे. आरक्षणांची यादी, प्रत्येकाची उरलेली मुदत आणि संपादनासाठी लागणारा पैसा त्यांनी पहिल्याच अंदाजपत्रकात मांडायला हवा.

नागापूर आणि शेजारच्या बोल्हेगावच्या रहिवाशांनी एवढं करावं: खरेदीचे कागद काढून तलाठ्याकडे जावं, आणि आपल्या प्रभागात कोणती आरक्षणं शिल्लक आहेत ते नगरसेवकाकडून लेखी मागून घ्यावं.