पिकअपला प्रेशर हॉर्न : बसवण्याआधी थोडे समजून घेऊ



गळीत हंगाम सुरू झाला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीइतकीच रस्त्याची गाऱ्हाणी ऐकायला मिळतात. त्यात एक प्रश्न हल्ली वारंवार येतो. "साहेब, पिकअपला प्रेशर हॉर्न बसवला तर चालतो का? कंपनीचा हॉर्न म्हणजे कोंबडीच्या पिल्लाचा आवाज. पुढचा ट्रॅक्टरवाला ढिम्म हलत नाही." विचारणाऱ्याचे म्हणणे खोटे नाही. थंडीच्या दिवसांत कांदा भरून रात्री सोलापूर बाजार समितीकडे निघालेली पिकअप आणि कारखान्याकडे निघालेला डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर यांचा रस्ता एकच. मोहोळ, टेंभुर्णी, मंगळवेढा, कुठल्याही बाजूला जा, पुढे उसाचा डोंगर आणि मागे आपण. त्यात पुढच्याने टेप लावलेला. (आता पेन ड्राइव्ह आला तरी आपण टेपच म्हणतो.) लिलावाची वेळ गाठायची म्हणून जीव टांगणीला लागतो. म्हणून हा विषय एकदा नीट मांडावा असे आम्हांस वाटले.

आधी कंपनीचा हॉर्न कसा वाजतो ते पाहू. डबीच्या आत पोलादी पत्र्याचा पडदा असतो, त्यामागे विजेचे चुंबक. बटण दाबले की चुंबक पडदा ओढते. पडदा ओढला गेला की आतला पॉइंट सुटतो, वीज तुटते, पडदा परत जागेवर येतो आणि पुन्हा वीज जुळते. हा खेळ सेकंदाला चारशे-पाचशे वेळा चालतो, तोच आपला "पीं". बहुतेक गाड्यांत दोन हॉर्न असतात, एक जाड आवाजाचा, एक बारीक आवाजाचा. दोन्ही मिळून आवाज भरून येतो. त्यातला एक बंद पडला तर आपल्याला वाटते हॉर्नच म्हातारा झाला.

प्रेशर हॉर्नमध्ये पडदा हलवायचे काम दाबाखालची हवा करते आणि पुढचा कर्णा आवाज मोठा करतो. कर्णा लांब तर आवाज जाड, आखूड तर कर्कश. ट्रकला एअर ब्रेक असतात, त्यांच्यासाठी हवेची टाकी असतेच, आणि काही ट्रकवाले तिथूनच हॉर्नला नळी काढतात. ती नळी गळू लागली तर ब्रेकच्याच हवेला भोक पडते, हे ट्रकमालक सभासदांनी ध्यानात घ्यावे. पिकअपची गोष्ट वेगळी. तिचे ब्रेक तेलावर चालतात, मदतीला व्हॅक्यूम बूस्टर. तिथे दाबाची हवा नाहीच. उलट व्हॅक्यूमच्या नळीला कुणी हात लावला तर ब्रेकचे पायडल दगडासारखे होईल. म्हणून पिकअपला बसवायचा तो हॉर्न स्वतःचा छोटा कॉम्प्रेसर घेऊन येतो. बटण दाबल्यावर त्याची मोटार फिरणार, हवा भरणार, मग आवाज. टाकी नसलेल्या संचात क्षणभर उशीर होतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते.

खरी गोम वायरिंगमध्ये आहे. कंपनीचे दोन हॉर्न मिळून साधारण ८-१० अँपिअर घेतात. कॉम्प्रेसरची मोटार १५-२० अँपिअर सहज ओढते. गॅरेजवाला जुन्याच वायरींना नवा संच जोडून देतो आणि पहिले चार दिवस झकास वाजतो. मग वायर गरम होते, फ्यूज उडतो. फ्यूज उडतो म्हणून कुणीतरी जागेवर तार गुंडाळतो. विहिरीवरच्या पेटीत असे केल्याने मोटार जळाल्याचे दाखले प्रत्येक गावात आहेत. गाडीत तर शेजारीच डिझेलची नळी असते. वास्तविक पंपाच्या स्टार्टरचे तत्त्व आपल्याला पाठ आहे. हिरवे बटण दाबतो तेव्हा मोटारीची सगळी वीज बटणातून जात नाही. बटण फक्त आतली कॉइल ओढते आणि मोठे पॉइंट जुळतात. गाडीतला रिले म्हणजे हाच छोटा स्टार्टर. जास्त वीज खाणारे काहीही जोडताना बॅटरीवरून वेगळी जाड वायर, बॅटरीजवळच योग्य फ्यूज आणि मध्ये रिले, याला पर्याय नाही.

आता आवाज किती वाढतो ते पाहू. संचाच्या खोक्यावर १३०, १५० असे डेसिबलचे आकडे छापलेले असतात. पण किती अंतरावरून मोजले ते छापलेले नसते, आणि अंतर न सांगता सांगितलेला डेसिबल म्हणजे उतारा न सांगता सांगितलेले टनेज. अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. शिवाय डेसिबलची मोजणी साधी बेरीज नाही. १० ने वाढ म्हणजे आवाजाची शक्ती दहापट, आणि कानाला तो सुमारे दुप्पट वाटतो.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत हॉर्नसाठी २८ क्रमांकाचा नियम आहे. त्याप्रमाणे गाडीपुढे ७ मीटरवर आवाज ९३ ते ११२ डेसिबलच्या दरम्यान हवा. समजा आपला हॉर्न ७ मीटरवर १०५ चा आहे. ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्यांची लांबी, त्यात आपण ठेवलेले अंतर धरले तर ट्रॅक्टरवाल्याचा कान सहज २८ मीटर दूर असतो. म्हणजे ९३ डेसिबल उरले. मध्ये उसाचा भारा, तोही आवाज अडवतो आणि गिळतो. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर इंजिनाचाच आवाज चालकाच्या कानाशी नव्वदीच्या आसपास, वर टेप. त्याला ऐकू येत नाही यात नवल नाही. तो मुद्दाम करतो असे नेहमी धरू नये.

आता ११५ चा हॉर्न बसवला तर त्याच्यापर्यंत १०३ पोचतील. म्हणजे ऐकू जाईल. हे आम्ही नाकारत नाही. पण त्याच वेळी रस्त्याच्या कडेने पावणेदोन मीटरवरून चाललेल्या माणसाच्या कानात १२७ डेसिबल आदळतात. १२० ते १३० च्या पट्ट्यात कान दुखायला लागतो. आणि आपल्या रस्त्यांच्या कडेला हंगामात कोण असते? कार्तिकी आणि माघीला पंढरपूरकडे चाललेल्या दिंड्या, डोक्यावर तुळशी घेतलेल्या म्हाताऱ्या. कोप्यांवरून फडाकडे निघालेली तोडणीवाल्यांची कुटुंबे, त्यांची पोरे. मागून अचानक असा आवाज झाला की माणूस विचार करत नाही, दचकून उडी मारतो. कुठल्या बाजूला मारेल ते सांगता येत नाही. बैलगाडीचे तर विचारू नका. माणसाला २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, गुरांना सुमारे ३५,००० पर्यंत, आणि त्यांचा कान सर्वांत तिखट असतो तो ८,००० च्या आसपास, म्हणजे नेमका कर्कश आवाजाला. दोन टन उसाखाली जू मानेवर असलेला बैल बिथरला तर गाडीवानाच्या हातात काही राहत नाही. पुढच्याला जागे करायला बसवलेला हॉर्न शेजारच्याचा जीव घेऊ शकतो, असा हा व्यवहार आहे.

कायद्याचेही थोडक्यात सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील ११९ वा नियम एकामागून एक वेगळे सूर काढणारा हॉर्न आणि अवाजवी कर्कश, तीव्र, मोठा किंवा घाबरवणारा आवाज काढणारे साधन गाडीला लावायला मनाई करतो. रुग्णवाहिका, अग्निशमन, पोलीस यांची गोष्ट वेगळी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या मानकांचा भंग करून गाडी चालवल्यास कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन तीन महिने बाद, अशी तरतूद आहे. हॉर्न साधाच असला पण विनाकारण किंवा मनाईच्या जागी वाजवला तर कलम १९४-फ प्रमाणे पहिल्या वेळी १,००० आणि पुढे २,००० रुपये. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्या भोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र धरले जाते. रात्री १० ते सकाळी ६ वस्तीत हॉर्न वाजवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले आहे. आपली कांद्याची गाडी गावातून जाते ती नेमकी याच वेळात! दुकानात उघड विकायला आहे म्हणून तो लावता येतो, असा काही सभासदांचा समज आहे. तो चुकीचा. ट्रकच्या पाठीमागे "हॉर्न ओके प्लीज" लिहायलासुद्धा राज्याच्या परिवहन खात्याने २०१५ साली मनाई केली, ती याच कटकटीपायी.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, आहे तो हॉर्न तपासा. दहापैकी बरेच हॉर्न बिघडलेले नसतात, उपाशी असतात. अर्थिंगचा बोल्ट गंजलेला असतो, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा थर असतो, नाहीतर तोंडात उसाच्या रस्त्यावरचा चिखल बसलेला असतो. सँडपेपर मारा, कोरड्या फडक्याने पुसा. तोंड पुढे व किंचित खाली असावे, म्हणजे धुताना पाणी साचत नाही. बऱ्याच हॉर्नच्या पाठीमागे एक स्क्रू असतो. इंजिन चालू ठेवून पाव-पाव फेरा फिरवला की आवाज मोकळा होतो. दोन्हीपैकी एक बंद असेल तर तेवढाच बदला. दोन्ही बदलायचे असले तर मानकाचा शिक्का असलेली जाड-बारीक जोडी घ्या आणि रिले बसवून घ्या. तेवढ्याने आवाजात पडणारा फरक ऐकून पुष्कळांचा प्रेशर हॉर्नचा विचार तिथेच मागे पडेल.

रात्री कानापेक्षा डोळा लवकर जागा होतो. एकदा-दोनदा डिपर द्या. पुढच्याचा आरसा आपल्याला दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही, म्हणून थोडे मागे रहा आणि उजवीकडे डोकावून पहा. पण हेही खरे की आरसाच नसेल तर डिपर दिसणार कुणाला. तेव्हा ट्रॅक्टर लावलेल्या वाहतूकदार सभासदांना आमचे स्पष्ट सांगणे आहे: दोन्ही बाजूंना आरसे, ट्रॉलीचे मागचे दिवे जोडलेले, रिफ्लेक्टर पुसलेले, आणि रस्त्यावर टेप बंद. पिकअपवाल्याने हॉर्न बदलण्यापेक्षा तुमचा टेप बंद होणे स्वस्त आहे आणि त्याचा उपयोगही जास्त आहे. उसाने झाकलेला रिफ्लेक्टर हा नसल्यातच जमा.

यार्डात आणि काट्यावरच्या रांगेत हॉर्न कुणीच वाजवू नये. तिथे बैल तासन्‌तास उभे असतात. आणि घरी हॉर्नचा स्क्रू फिरवून पाहणार असाल तर गाडी गोठ्यापासून लांब घ्या. संध्याकाळी गाईने पान्हा चोरला तर ती तक्रार आमच्या खात्याकडे आणू नये.