थंड धूळ पाहणाऱ्या दुर्बिणी

तारे जन्म पावतात ते वायू व धूळ यांच्या अतिशय थंड ढगांत. या ढगांचे तापमान पुष्कळदा शून्याखाली सुमारे 250 अंश सेल्सियस असते. धुळीची ही क्षीण उष्णता डोळ्यांस दिसत नाही. ती दूर-अवरक्त व मिलीमीटर तरंगांच्या रूपाने बाहेर पडते. हे तरंग टिपणाऱ्या दुर्बिणीची योजना आखताना तीन अडचणी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली अडचण बाष्पाची. शिंदखेड्याची उन्हाळ्यातील हवा आपणांस कोरडी वाटते. तथापि तिच्यातील बाष्पही दूर-अवरक्त तरंग जवळजवळ संपूर्ण शोषून घेते. मीटरभर लांबीच्या रेडिओ तरंगांना बाष्पाचा असा अडथळा होत नाही. म्हणून त्यांची महादुर्बीण पुणे जिल्ह्यात खोडद येथे उभारता आली. दूर-अवरक्त तरंगांसाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने निराळा मार्ग काढला. 100 सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण फुग्यास बांधून हैदराबादेहून सुमारे 30 किलोमीटर उंचीवर पाठविण्यात आली. 1999 पासून जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तिच्याद्वारे कार्बनच्या 158 मायक्रोमीटर तरंगांचेही निरीक्षण झाले. अशी दुर्बीण हवाई छत्रीने खाली उतरवून पुन्हा वापरता येते. परंतु एका उड्डाणात निरीक्षणास काही तासच मिळतात.

दुसरी अडचण दुर्बिणीच्याच उष्णतेची. भर दुपारी समईची ज्योत दिसेनाशी होते, तशी ऊबदार आरशाच्या उष्णतेत आकाशातील क्षीण उष्णता लोपते. म्हणून उपकरणे अत्यंत थंड ठेवावी लागतात. 2009 मध्ये अंतराळात गेलेल्या हर्शेल दुर्बिणीतील द्रवरूप हेलियम 2013 मध्ये संपला आणि तिचे निरीक्षणकार्य थांबले.

तिसरी अडचण आकाराची. 100 मायक्रोमीटरचा तरंग दृश्य प्रकाशाच्या तरंगाहून सुमारे 200 पट लांब असतो. तेवढाच बारकावा दिसण्यास आरसाही 200 पट रुंद हवा. हर्शेलचा आरसा 3.5 मीटरचा होता. तरी या तरंगांत त्याची सूक्ष्मता दृश्य प्रकाशातील पावणेदोन सेंटिमीटरच्या भिंगाएवढीच!

पुढील योजनांत या अडचणींची निरनिराळी उत्तरे आढळतात. चिली देशाच्या अटाकामा वाळवंटात 5,000 मीटर उंचीवर 66 तबकड्यांची आल्मा दुर्बीण मिलीमीटर तरंग टिपते. तेथेच 50 मीटर व्यासाच्या एकाच तबकडीची अ‍ॅटलास्ट ही योजना आखली गेली. अमेरिकेच्या नासा संस्थेने 2024 मध्ये अधिक अभ्यासासाठी निवडलेल्या प्रिमा या अंतराळ-योजनेत आरसा लहान, सुमारे 1.8 मीटरचा, परंतु अतिशीत ठेवण्याचा विचार आहे.

वर्गात हा विषय घेताना शिक्षकांनी फळ्यावर पर्वत, फुगा व अंतराळ असे तीन रकाने आखावेत आणि प्रत्येकाखाली उंची, थंडी, आकार व खर्च यांविषयी मुलांची मते लिहून घ्यावीत. चारही गोष्टी एका ठिकाणी मनाजोग्या मिळत नाहीत, हे मुलांना स्वतःच शोधू द्यावे.