हॉस्पिसचे दार आपल्यासाठीही उघडे आहे

वॉटफर्डच्या टाऊन हॉलजवळून आपल्यापैकी कितीतरी जण रोज ये-जा करतात. तिथून थोड्या अंतरावर पीस ड्राइव्ह नावाचा रस्ता आहे. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या लोकांचे स्मारक म्हणून १९२५ साली येथे पीस मेमोरियल हॉस्पिटल उघडले. १९८५ साली ते बंद पडले आणि १९९६ साली त्याच जुन्या इमारतीत पीस हॉस्पिस सुरू झाले. २०२२ साली ही संस्था आणि रुग्णाच्या घरी परिचारिका पाठवण्याबद्दल नावाजलेली रेनी ग्रोव्ह ही संस्था एक झाल्या. आज त्यांचे काम रेनी ग्रोव्ह पीस हॉस्पिस केअर या नावाने चालते.

हॉस्पिसच्या दुकानातून आपण जुनी पुस्तके घेतो, जुने कपडे नेऊन देतो. पण घरात कुणी बरे न होणाऱ्या आजाराने अंथरुणाला खिळले, की तेथे फोन करायला आपला हात धजत नाही. असे का होते, ते बदलण्यासाठी कोण झटत आहे आणि त्यात आपला वाटा काय, याचा विचार आज करू.

पुढील चित्र वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. आजींना कॅन्सर आहे. मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, “आईला काही कळू देऊ नका.” आजींना इंग्रजी येत नाही, म्हणून पंधरा वर्षांची नात दुभाषी होते आणि वाईट बातमी गिळून टाकते. डॉक्टर हॉस्पिसचे नाव काढतात, तेव्हा मुलगा दुखावतो. “आम्ही आईला टाकून देणार नाही,” असे म्हणतो. घरचे सगळे जिवापाड सेवा करतात, परंतु वेदना सेवेने थांबत नाहीत. एका रात्री आजींचे कण्हणे ऐकवत नाही. ॲम्ब्युलन्स येते, आणि आपल्या खोलीत, आपल्या देवासमोर जाण्याची इच्छा असलेल्या आजी इस्पितळाच्या गर्दीत, अनोळखी माणसांमध्ये जातात.

येथे प्रेम कमी पडले नाही, माहिती कमी पडली. आणि ती दोन्ही बाजूंनी कमी पडली.

हॉस्पिस म्हणजे माणसाला नेऊन टाकण्याची जागा, हा आपला पहिला गैरसमज आहे. हॉस्पिसचे पुष्कळसे काम रुग्णाच्या घरीच होते. परिचारिका घरी येते, औषधांचे प्रमाण ठरवते, घरच्यांना रुग्णाला कुशीवर कसे वळवावे ते शिकवते. कित्येक रुग्ण औषधाचे नीट बसवून घेण्यासाठी काही दिवस दाखल होतात आणि घरी परततात. यासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. इंग्लंडमधील प्रौढांच्या हॉस्पिसना सरकारकडून साधारण एक-तृतीयांश खर्च मिळतो. बाकीचा पैसा देणग्या, मृत्युपत्रे आणि त्या जुन्या कपड्यांच्या दुकानांतून उभा राहतो. म्हणजे त्यात आपलाही पैसा आहे.

दुसरा गैरसमज मॉर्फिनचा. मॉर्फिन सुरू केले म्हणजे संपले, असे आपल्याकडे सर्रास मानतात. वास्तविक योग्य प्रमाणात दिलेले मॉर्फिन मरण ओढवून आणत नाही. ते माणसाला झोप देते, चार शब्द बोलण्याचे बळ देते.

आता दुसरी बाजू. “भारतीय कुटुंबे आपली माणसे आपणच सांभाळतात,” अशी समजूत येथील आरोग्यसेवेत दीर्घकाळ होती. ऐकायला ती स्तुती वाटते, पण तिच्यापायी कित्येक घरांत हॉस्पिसची चौकशीच पोहोचली नाही. केअर क्वालिटी कमिशन या सरकारी तपासणी संस्थेने २०१६ साली एक अहवाल काढला. वांशिक अल्पसंख्याक, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण, मतिमंदत्व असलेले लोक, बेघर, कैदी, समलिंगी व्यक्ती अशा अनेकांना अखेरच्या काळात मिळणारी सेवा तुलनेने कमी प्रतीची असू शकते, हे त्यात स्पष्ट मांडले होते. सर्वांना एकच पत्रक वाटले म्हणजे समान वागणूक झाली, असे नव्हे. ज्याला ते वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने ते कोरेच.

हॉस्पिस चळवळीचा आरंभच एका परक्या माणसापासून झाला, ही गोष्ट येथे आवर्जून सांगावीशी वाटते. डेव्हिड टाझ्मा हा पोलंडहून आलेला ज्यू निर्वासित लंडनमध्ये वेटरचे काम करी. कॅन्सरने तो इस्पितळात पडला, तेव्हा त्याच्याजवळ घरचे कुणी नव्हते. सिसिली सॉन्डर्स ही तरुण समाजसेविका त्याला भेटू लागली. असे रुग्ण निवांतपणे जाऊ शकतील अशी एक जागा असावी, असे दोघे बोलत. १९४८ साली तो वारला. जाताना त्याने तिला पाचशे पौंड ठेवले. तिच्या भावी घराची एक खिडकी आपली असावी, अशी त्याची इच्छा होती. सिसिलीबाई पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली लंडनच्या सिडनहॅम भागात त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. वेदना उठण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे औषध द्यावे, आणि वेदना शरीराबरोबर मनाची, नात्यांची व श्रद्धेचीही असते, हे त्यांनी जगाला शिकवले. टाझ्माची खिडकी तेथे आहे. जिची पहिली देणगी एका निर्वासिताची, त्या सेवेवर आपला हक्क मागताना संकोच कशाला?

आपल्या मुलखातही हे काम नवे नाही. १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना आश्रम सुरू केला. भारतातील हे पहिले हॉस्पिस. ख्रिस्ती जोगिणी तेथे सेवा करतात, पण खाटेवरच्या माणसाचा धर्म, जात वा ऐपत विचारली जात नाही. सेवा विनामूल्य आहे. पुढे गोव्यात लोटली येथे आणि दिल्लीतही शाखा निघाल्या. पुण्यात १९९७ साली सिप्ला संस्थेचे केंद्र सुरू झाले. मात्र १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील जाचक अटींमुळे मॉर्फिन मिळणे इतके कठीण झाले, की २०१४ साली कायद्यात दुरुस्ती करावी लागली. आपल्या मागच्या पिढीच्या मनातील भीती अशा काळातून आलेली आहे. तिला हसू नये, ती समजून घ्यावी.

इकडे इंग्लंडमध्ये बॅरोनेस इलोरा फिनले या डॉक्टर-खासदार बाईंनी वर्षानुवर्षे लॉर्ड्सच्या सभागृहात पाठपुरावा केला. अखेर २०२२ च्या आरोग्य कायद्याने अशी सेवा मिळण्याची तरतूद करणे ही स्थानिक आरोग्य मंडळांची जबाबदारी ठरली. हे मोठे काम झाले. पण कायद्याचा पाझर घरापर्यंत पोहोचतो तो साध्या माणसांमुळे. खोलीत शिरताना देवघर पाहून चपला काढणारी परिचारिका, तोंडात गंगाजल व तुळशीपत्र घालू देणारा डॉक्टर, दहा नातेवाईक आले तरी कपाळाला आठी न घालणारी स्वागतिका, नातीऐवजी दुभाषी बोलावणारी समाजसेविका. यांची नावे मानपत्रांवर क्वचित येतात. आपल्या मंडळांच्या गणपतीत आणि दिवाळीत व्यासपीठावर पाहुणे बोलावतोच. एखाद्या वर्षी अशा परिचारिकेला शाल-श्रीफळ द्यायला काय हरकत आहे?

मात्र कौतुकाबरोबर आपणही काही करायला हवे.

पहिले, भाषा सांगा. “इंडियन” म्हटले की गुजराती किंवा पंजाबी दुभाषी आणण्याची चूक होऊ शकते. रत्नागिरीच्या आजींना मराठीच हवी. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी विसरते आणि उरते ती आईची भाषा, हे ध्यानात ठेवा. दुभाषी मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. मुलांवर तो भार टाकू नका.

दुसरे, वेळेवर विचारा. आई-वडिलांची प्रकृती बरी असतानाच बोला. कुठे राहायला आवडेल, काय नको, बोलता येईनासे झाले तर निर्णय कुणी घ्यायचा. २००५ च्या मेंटल कपॅसिटी कायद्यानुसार असा अधिकार एखाद्या विश्वासू माणसाला लेखी देता येतो.

तिसरे, विधींची कल्पना आधीच द्या. २०२४ च्या सप्टेंबरपासून जे मृत्यू कोरोनरकडे जात नाहीत, त्यांची कागदपत्रे मेडिकल एक्झामिनर तपासतो. अंत्यसंस्कार लवकर व्हावेत अशी इच्छा असेल, तर ते हॉस्पिसला व डॉक्टरांना अगोदर सांगून ठेवलेले बरे.

चौथे, ज्यांना वेळ आहे त्यांनी स्वयंसेवक व्हावे. आठवड्यातून दोन तास एखाद्या रुग्णाजवळ बसून मराठीत गप्पा मारणारे माणूस कोणत्याही सरकारी योजनेतून मिळत नाही.

हॉस्पिसला फोन करणे म्हणजे आईला टाकणे नव्हे. आईच्या उशाशी आणखी एक जाणते माणूस बसवणे होय. घरात अशी वेळ आली असेल, तर उद्या सकाळीच आपल्या जी. पी. ला किंवा परिचारिकेला विचारा. सणाला भेटल्यावर शेजारच्या घरीही हे सांगा.