धाव, टायर आणि दसरा : विजेच्या गाडीच्या चाकांविषयी

मंडईच्या मागच्या अंगाला, शुक्रवार पेठेत माझे घर आहे. पहाटे भाजीच्या गाड्या येऊ लागल्या की झोप मोडते, आणि नुसत्या आवाजावरून कोणती गाडी आली ते कळते. डिझेल टेम्पोची धडधड, हातगाडीचा खडखडाट, रिक्षाचा फटफटाट. अलीकडे यात एक नवा आवाज मिसळला आहे. विजेवर चालणारी मालवाहू तीनचाकी आली की इंजिन ऐकू येत नाही. ओल्या रस्त्यावर रबर चिकटून सुटण्याचा चर्र आवाज तेवढा येतो. गाडीचा आवाज म्हणजे चाकाचाच आवाज. चाकांकडे माझे लक्ष प्रथम गेले ते असे कानांमुळे. मात्र त्यांचा नीट अभ्यास करायला लावले ते कात्रजच्या घाटाने.

जून २०२३ मधली गोष्ट. घरी विजेची गाडी येऊन अडीच वर्षे झाली होती आणि ती सव्वीस हजार किलोमीटर चालली होती. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत झाले होते, मागचे बरे दिसत होते. एका गॅरेजवाल्याने सल्ला दिला, "काका, पुढचे दोन नवे टाका, मागचे अजून वर्षभर जातील." सल्ला पटण्यासारखा होता, आम्ही तसेच केले. आठवड्याभराने पहिला मोठा पाऊस झाला. कात्रजचा जुना घाट उतरताना एका वळणावर गाडीची मागची बाजू सुटली आणि गाडी रस्त्यात आडवी होऊन थांबली. मुलगी चालवत होती, मी शेजारी होतो. समोरून कोणी येत नव्हते म्हणून निभावले. बराच वेळ दोघेही गप्प होतो. मग ती म्हणाली, "बाबा, मी ब्रेकसुद्धा जोरात मारला नव्हता हो."

तिचे म्हणणे खरे होते. चूक चालवणारीची नव्हती, चाकांच्या जागेची होती. हे कळायला मला काही महिने लागले. जे कळले ते पुढे मांडतो आहे.

धाव

मंडईची दगडी इमारत १८८६ साली उभी राहिली. तेव्हा तिचे नाव रे मार्केट होते. त्यानंतर दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. म्हणजे मंडईत भाजी घेऊन आलेल्या पहिल्या गाड्यांना रबर माहीतच नव्हते. त्यांच्या लाकडी चाकांवर लोखंडी पट्टा असे. या पट्ट्याला आपल्याकडे 'धाव' म्हणतात.

धाव बसवणे हे सुतार आणि लोहार यांचे जोडकाम. तुंबा, आरे आणि पुठ्ठे जोडून सुताराने चाक तयार करायचे. लोहाराने त्याच्या घेरापेक्षा किंचित लहान लोखंडी कडे बनवायचे, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायचे, तापून फुगले की चाकावर चढवायचे आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आकसते आणि सारे सांधे आवळून धरते.

या धावेला ऋतू होते. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसे आणि धाव सैल पडे. मग चाके नदीत, तळ्यात भिजत घालावी लागत. पावसाळ्यात लाकूड फुगून ती पुन्हा घट्ट होई. गाडीवानाला हे शिकवावे लागत नसे. चाक हंगाम पाळते, हे तो जाणून होता. पुढे रबरी चाकांची टायरगाडी आली आणि हे ज्ञान हळूहळू निकामी झाले. मोटारीच्या टायरला ऋतू नसतो, अशीच आपली समजूत झाली.

चाकांचे हॉटेल

माझा पुतण्या जर्मनीत ब्रेमेनला असतो. पुण्याशी मैत्री असलेले हे शहर. औंधचा ब्रेमेन चौक त्याच मैत्रीची खूण. त्याच्याकडेही विजेची गाडी आहे, पण टायरचे संच दोन : एक उन्हाळी, एक हिवाळी. तिथे 'ओ ते ओ' असा एक ठोकताळा आहे. ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टर, या काळात हिवाळी टायर. साधारण सात अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते आणि त्यावरच्या बारीक चिरा बर्फात रुततात. बर्फ वा हिमकण असलेल्या रस्त्यावर असे टायर तिथे कायद्याने सक्तीचे आहेत. ज्यांच्या घरी जागा नाही, त्यांचा न वापरातला संच गॅरेजवाले भाड्याने सांभाळतात. त्या सोयीला लोक 'टायरचे हॉटेल' म्हणतात.

आपल्याला याची गरज नाही. उलट हिवाळी टायर पुण्याच्या एप्रिलमध्ये वापरले तर झपाट्याने झिजतील. पण पुतण्याशी बोलताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तिथे वर्षातून दोनदा चारही चाके उतरतात. उतरली की नक्षीची खोली मोजली जाते, कुठे खिळा घुसला आहे का ते दिसते, आणि संच परत चढवताना पुढची चाके मागे, मागची पुढे करता येतात. म्हणजे बर्फ त्यांना तपासणीचा मुहूर्त काढून देतो.

आपल्याकडे पेट्रोलच्या गाडीला असा मुहूर्त इंजिनच्या तेलामुळे मिळत असे. दहा हजार किलोमीटरला तेल बदलायला गाडी गॅरेजात गेली की चाकेही फिरवली जात. विजेच्या गाडीला इंजिनच नाही, मग तेल कुठले? गॅरेजच्या वाऱ्या कमी झाल्या. ही त्या गाडीची मोठी सोय. पण चाकांवरची नजर त्याच सोयीपायी उठली.

पुढचेच का झिजतात?

विजेच्या गाडीत टायरवर तीन जादा भार पडतात.

पहिला वजनाचा. लहान मोटारीच्या बॅटरीचेच वजन दोन-तीनशे किलो भरते. टायरच्या बाजूवर '२१५/६० आर १६ ९५ एच' अशी अक्षरे असतात. २१५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ६० म्हणजे रुंदीच्या टक्केवारीत टायरची उंची, १६ म्हणजे इंचांत रिमचा व्यास. यातला ९५ हा भाराचा अंक. तो एका टायरने ६९० किलो पेलायचे सांगतो. स्वस्तात मिळतो म्हणून कमी अंकाचा टायर बसवणे विजेच्या गाडीला अजिबात परवडत नाही.

दुसरा भार जोराचा. इंजिनला पूर्ण ताकद द्यायला वेग घ्यावा लागतो. मोटर जागच्या जागी ती देते. २०२० साली बाजारात आलेल्या नेक्सॉन ईव्हीची मोटर २४५ न्यूटन-मीटरची होती आणि हा सारा पीळ पुढच्या दोन चाकांवर पडत होता. सिग्नल सुटताच पाय दाबण्याची हौस रबर वसूल करते.

तिसरा भार पटकन ध्यानात येत नाही. पाय उचलला की मोटर उलटी जनित्रासारखी चालते, गाडीचा वेग कमी करते आणि बॅटरीत वीज परत भरते. ब्रेकचे पॅड वाचतात. पण गाडी थोपवण्याचे हे काम मोटरला जोडलेली चाकेच करतात. म्हणजे ओढायचेही त्यांनी आणि अडवायचेही त्यांनीच. शिवाय पुढची चाके वळतात, म्हणून त्यांच्या कडा घासतात. आमच्या गाडीचे पुढचे टायर आधी का संपले, त्याचे उत्तर हे.

कोणते चाक कुठे?

अदलाबदलीची रीत मोटर कोणत्या चाकांना जोडली आहे त्यावर ठरते. पुढची चाके ओढणारी असतील तर पुढची दोन सरळ मागे जातात आणि मागची दोन तिरकी पुढे येतात. मागचे डावे पुढे उजवीकडे, मागचे उजवे पुढे डावीकडे. मागची चाके ढकलणारी असतील, जसे चाकणला तयार होणाऱ्या महिंद्रच्या बीई ६ मध्ये आहे, तर उलट : मागची सरळ पुढे, पुढची तिरकी मागे. टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तिरके करायचे नाही. त्याच बाजूला पुढचे मागे एवढेच. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या रुंदीचे असतील तर पुढे-मागे करताच येत नाही.

आता घाटातल्या चुकीकडे येतो. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत आणि मागचे बरे टायर पुढे आणावेत. ऐकायला हे उलटे वाटते, कारण ओढणारी आणि वळणारी चाके पुढे आहेत. पण रस्त्यावर पाणी साचले की झिजलेला टायर खाचांतून ते बाहेर फेकू शकत नाही आणि पाण्यावर तरंगतो. पुढची चाके तरंगली तर गाडी वळायला नकार देते. ते चालवणाऱ्याला हाताला जाणवते, वेग कमी केला की पकड बहुधा परत येते. मागची तरंगली तर गाडी गर्रकन फिरते आणि सावरायला वेळ मिळत नाही. आमच्या गाडीत पुढे साडेसात मिलिमीटरची कोरी नक्षी होती आणि मागे साडेतीन. कायद्याने मोटारीला १.६ मिलिमीटर पुरते. पण कायद्यात बसणे वेगळे आणि पहिल्या पावसाच्या तेलकट रस्त्यावर टिकणे वेगळे.

इथे एक शंका रास्त आहे. अदलाबदलीत जास्त झिजलेले टायर मागेच जातात, मग ती धोक्याची नाही का? उशीर केला तर आहे. म्हणून फरक लहान असतानाच चाके फिरवायची. टेस्लाच्या माहितीपुस्तिकेतली मर्यादा मला सोयीची वाटते : दहा हजार किलोमीटर, किंवा नक्षीत दीड मिलिमीटरचा फरक, यांपैकी जे आधी होईल ते. फरक त्याहून वाढला असेल आणि पावसाळा तोंडावर असेल, तर चाके फिरवू नयेत. खोल नक्षीचे टायर पावसाळाभर मागेच राहू द्यावेत आणि अदलाबदल पावसानंतर करावी.

काम करून घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. जॅक कंपनीने नेमून दिलेल्या जागीच लागला पाहिजे. मधे पोटाखाली बॅटरी असते आणि तिच्या पेटीवर भार पडता कामा नये. नट समोरासमोर, आलटून पालटून आवळावेत आणि शेवटचा पीळ मापाच्या पान्याने द्यावा. टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा असेल तर चाकांच्या नव्या जागा तिला समजावून द्याव्यात, नाहीतर ती डाव्याची तक्रार उजव्याच्या नावावर दाखवते.

हवेलाही ऋतू असतोच. तापमान दहा अंशांनी बदलले की दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. पुण्यात एप्रिलच्या दुपारी भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे चार पीएसआयने कमी भरू शकते. म्हणून हवा गाडी थंड असताना, आणि ऋतू बदलला की पुन्हा पाहावी.

धूर नाही, धूळ आहे

टायर वाचवण्यात पैसे वाचतात हे उघड आहे. पण झिजलेले रबर जाते कुठे? रस्त्यावर बारीक धूळ होऊन पडते, काही हवेत मिसळते, उरलेले पावसाबरोबर वाहते. अमेरिकेच्या प्युजेट साउंड परिसरात कोहो जातीचे सामन मासे पाऊस पडला की ओढ्यांत मरून पडत. कारण टायरमध्ये होते, हे २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. रबर तडकू नये म्हणून त्यात ६ पीपीडी नावाचे रसायन घालतात. ओझोनशी संयोग होऊन त्याचे विष बनते. युरोपने 'युरो ७' नियमांत टायरच्या झिजेवरही मर्यादा आणली आहे. मंडईच्या रस्त्यावर पडलेला पाऊस शेवटी मुठेला मिळतो. धूर न सोडणारी गाडी घेतली म्हणजे आपला हिशेब पुरा झाला, असे मी मानत होतो. तो पुरा झालेला नाही.

आपला मुहूर्त

बर्फ नाही आणि तेल नाही, तर आपण चाके कधी उतरवायची? उत्तर मला आपल्याच पंचांगात मिळाले. अक्षय्य तृतीया आणि दसरा. दोन्ही साडेतीन मुहूर्तांतले, दोन्ही दिवशी लोक गाड्या घेतात, आणि मधे बरोबर पावसाळा बसतो. २०२५ साली तर मोसमी पाऊस मे महिन्यातच महाराष्ट्रात पोचला. अक्षय्य तृतीयेला काम उरकलेले असेल तर अशा वर्षीही धावपळ होत नाही. त्या दिवशी नक्षी मोजायची आणि फरक पाहून निर्णय घ्यायचा. दसऱ्याला पुन्हा मोजायची. अधिक चालणाऱ्या गाडीला, विशेषतः मंडईत रोज माल टाकणाऱ्याला, मधेही एकदा पाहावे लागेल.

खंडेनवमीला आपण हत्यारे पुसतो आणि गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालतो. ही पूजा मुळात देखभालीचीच असावी, असे मला वाटते. आमच्या घरी आता हाराच्या आधी चारही चाकांची नक्षी मोजली जाते. खोली मोजायची पट्टी छोटी असते, कमी पैशांत मिळते. आकडे मुलगी वहीत लिहिते. वहीचे पहिले पान जून २०२३ चे आहे, आणि त्यावर तिने फक्त एवढेच लिहिले आहे : पुढे ७.५, मागे ३.५.